वाचकांचे प्रश्न : खाणीतला वायू इंजिनात कसा चालतो?

प्रश्न : आमच्या मळ्यात पूर्वी गोबरगॅसवर इंजिन चालवून विहिरीचे पाणी उपसत असू. कोळशाच्या खाणीतही तोच वायू असतो आणि त्यावर वीज करतात, असे मुलगा सांगतो. पण त्याच वायूने खाणीत स्फोट होतात ना? मग हे कधीपासून सुरू झाले?
— एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : मुलाचे म्हणणे बरोबर आहे. दोन्हीकडचा ज्वलनशील वायू मिथेनच. हवेत तो 5 ते 15 टक्के मिसळला की एक ठिणगी पुरते. 1958 मध्ये पश्चिम बंगालमधील चिनाकुरी खाणीत अशाच स्फोटात सुमारे पावणेदोनशे कामगारांचे प्राण गेले. इंजिनात घडते ते यापेक्षा वेगळे नाही, फक्त तिथे मिश्रण मापून घेतलेले असते आणि ते ठरल्या क्षणीच पेटते. तुमच्या इंजिनाला गोबरगॅसबरोबर थोडे डिझेल द्यावे लागत असणार, कारण नुसत्या दाबाने मिथेन सहसा पेट घेत नाही. खाणीवरच्या गॅस इंजिनात ते काम स्पार्क प्लग करतो. जर्मन संशोधक निकोलाउस ऑटो यांनी 1876 मध्ये सिद्ध केलेल्या चार स्ट्रोकच्या इंजिनाचीच ही रीत आहे.

खाणींवर गॅस इंजिने प्रथम आली ती मात्र या वायूसाठी नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी, वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरला पुरेसे पाणी नसलेल्या आडबाजूच्या खाणींवर कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जाळून वायू तयार करीत आणि त्यावर यंत्रे चालवीत. खाणीतला मिथेन आधीच कोळशाच्या थरात भोके पाडून शोषून घेण्याचे तंत्र जर्मनीतील रूर भागात 1943 च्या सुमारास बसले, आणि तेही आधी कामगारांच्या जिवासाठी. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. हाती आलेल्या वायूचे काय करायचे, हा प्रश्न नंतरचा. तो वायू दिवसभर एकसारखा नसतो, मिथेनचे प्रमाण सतत खालीवर होते, म्हणून हवेचे माप क्षणोक्षणी बदलणारी यंत्रणा आल्यावरच मोठी केंद्रे उभी राहिली. ऑस्ट्रेलियातील ॲपिन व टॉवर या खाणींवर 1990 च्या दशकात प्रत्येकी सुमारे एक मेगावॉटची 94 इंजिने बसली. ॲपिनला तर खाणीतून बाहेर पडणारी, किंचित मिथेन असलेली हवाच इंजिनांना पुरवली गेली. पुढे चीनमधील सिहे खाणीवर 120 मेगावॉटचे केंद्र झाले. आपल्याकडे झारखंडच्या झरिया भागातील मुनिडीह येथे 2008 मध्ये 250 किलोवॉटचे दोन संच सुरू झाले.