पुण्यातील फ्लॅट देताना करारावर 'लीज' लिहावे की 'लायसन्स', याने काही फरक पडतो का?

फरक पडतो, आणि पुष्कळ पडतो. लीज म्हणजे भाडेपट्टा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे त्यात जागेच्या उपभोगाचा हक्कच दुसऱ्याकडे जातो. लायसन्स ही केवळ परवानगी असून, त्याच वर्षीच्या सुविधाधिकार अधिनियमानुसार तिच्यामुळे जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही.

सासूबाईंचा कोथरूडचा फ्लॅट द्यायचे ठरले तेव्हा नणंदेच्या यजमानांनी आपल्या दुकानाच्या जुन्या भाडेपट्ट्याचा मसुदा आणून त्याचे फक्त शीर्षक बदलले. वर 'लीव्ह अँड लायसन्स' आणि आत मात्र जागेचा अनन्य ताबा देणारे व पोटभाडेकरू ठेवू देणारे कलम जसेच्या तसे होते. मी सासूबाईंना सही करू दिली नाही. 'शब्दांत काय ठेवलंय, अकरा महिन्यांचा तर करार!' असे ते सर्वांदेखत म्हणाले. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातील केशकर्तनालयाच्या जागेचा करारही स्वतःला लायसन्सच म्हणवत होता. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने मथळा बाजूला ठेवून पक्षकारांचा हेतू पाहिला आणि बहुमताने तो भाडेपट्टा ठरवला, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले होते.

मसुदा नव्याने लिहिला, एजंट अंगठ्याचे यंत्र आणि वेबकॅम घेऊन घरी आला व नोंदणी झाली. पुढे मुदत संपूनही राहणारे गृहस्थ घर सोडेनात, तेव्हा नोटिशीत महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ चा उल्लेख केला. त्यानुसार मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि मुदतीनंतर राहणाऱ्यावर करारातील शुल्काच्या दुप्पट रक्कम देण्याची जबाबदारी येते. त्यांनी किल्ल्या आणून दिल्या. तो करार भाडेपट्टा ठरला असता, तर आम्ही लघुवाद न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत बसलो असतो.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत नोंदणी अधिनियमातील एका वर्षाच्या मर्यादेतून आलेली आहे. महाराष्ट्रात ती चालत नाही. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही मुदतीचा असला तरी लेखी व नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

मात्र कलम २४ फक्त राहत्या जागेला लागू आहे. दुकान किंवा कार्यालय देणार असाल तर आधी वकिलाला भेटा. नणंदेचे यजमान आजही एजंटाचा छापील मसुदा पुरेसा मानतात. आपण त्यांच्यासारख्यांचे ऐकू नका. ताब्याचे आणि पोटभाडेकरूचे कलम स्वतः वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.