क्रोशे कधीच केलेले नाही. पहिले खेळणे म्हणून रोहित पक्षी विणता येईल का?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे की, ऐरोलीच्या खाडीत बोटीतून पाहिलेला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तुम्हाला भाचीच्या पहिल्या वाढदिवसासाठी लोकरीचा विणायचा आहे, हातात दीड महिना आहे आणि क्रोशाची सुई तुम्ही आजवर धरलेली नाही. तेव्हा तयार किट घ्यावे का, लोकर आणि सुई कोणती घ्यावी आणि हे वेळेत जमेल का. वेळेत नक्की जमेल. मात्र लांब मानेचा, काटकुळ्या पायांवर उभा असलेला मोठा रोहित पहिल्या कामासाठी निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी रोहिताचे पिल्लू विणावे.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि शेजारपाजारच्या अनेकींना हे काम शिकवत आले आहे. अडखळण्याच्या जागा बहुतेकींच्या सारख्याच असतात: बारीक नळ्या, खूप सुटे भाग आणि ते भाग सरळ जोडणे. मोठ्या रोहितात या तिन्ही अडचणी एकत्र येतात. त्याचे पाय म्हणजे सहा टाक्यांच्या घेराच्या नळ्या. त्यांत नवख्या हाताला सुई धड फिरवताही येत नाही. शिवाय तो उभा राहावा म्हणून पायांत तार घालावी लागते आणि वर्षाच्या मुलाच्या हातात तार असलेले खेळणे देणे मुळीच योग्य नाही. पिल्लू मात्र गोलमटोल असते. त्याची पिसे करडी-पांढरी, मऊ लवेसारखी असतात, चोच आखूड आणि सरळ असते; गुलाबी रंग आणि वाकडी चोच पुढे वाढीबरोबर येते. ही पिल्ले आपल्याला ठाण्याच्या खाडीत दिसत नाहीत, कारण हे पक्षी घरटी करतात ती कच्छच्या रणासारख्या ठिकाणी आणि आपल्याकडे येतात ते हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चरायला. तरीही भेट रोहिताचीच राहील आणि तुमच्या हाताला झेपेल असा आकारही मिळेल.

आता साहित्य. मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिकट रंगाची अॅक्रिलिक लोकर घ्यावी. गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि मखमली किंवा केसाळ लोकरीत तर ते बोटांनी चाचपूनही सापडत नाहीत. दुकानात हात लावल्यावर हीच लोकर सर्वांत मोहक वाटते, म्हणून मुद्दाम सांगते. करड्या रंगाची ५० ग्रॅम लोकर पुरून उरेल. चोच आणि पायांसाठी गुलाबी, डोळ्यांसाठी काळी लोकर थोडीशीच लागते. वेष्टनावर सुईचा जो क्रमांक छापलेला असतो, त्यापेक्षा एक मिलिमीटरने बारीक सुई वापरावी. वेष्टनावर ४ मिलिमीटर लिहिले असेल तर ३ मिलिमीटरची सुई घ्यावी, कारण वेष्टनावरचा क्रमांक स्वेटरसारख्या लवचीक कापडासाठी असतो आणि खेळण्याची वीण इतकी दाट हवी की आतले भरण बाहेर डोकावता कामा नये. घरात आईच्या किंवा आजीच्या डब्यात तोरणे आणि टेबलक्लॉथ विणायच्या पोलादी सुया असतील, तर त्या या कामासाठी फार बारीक पडतात. अॅल्युमिनियमची, रबरी मुठीची सुई वेगळी घ्यावी. याखेरीज मोठ्या नेढ्याची बोथट सुई, कात्री आणि एक सेफ्टी पिन एवढेच लागते. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात शिवण-टिपणाच्या सामानाची दुकाने आहेत आणि ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे गाठणे सोपे आहे. लोकर हातात घेऊन, तिचे पदर सुटतात का हे पाहून विकत घेण्यात जो फायदा आहे, तो फोटो पाहून मागवण्यात नाही.

किटबद्दल सांगायचे तर ते आवश्यक नाही. किटमध्ये सगळे एकत्र मिळते ही सोय खरी, परंतु त्यातला प्राणी दुसऱ्याने ठरवलेला असतो आणि बहुतेक किटमध्ये प्लॅस्टिकचे डोळे असतात, जे तुम्ही या बाळासाठी वापरूच नयेत. त्याविषयी पुढे लिहिते.

सगळे खेळणे एकाच टाक्यावर उभे आहे आणि तो म्हणजे मुका खांब. सुईवर एक फास असतो. सुई खालच्या टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून घालावी, लोकर सुईवर घेऊन बाहेर ओढावी, म्हणजे सुईवर दोन फास होतात. पुन्हा लोकर घेऊन ती दोन्ही फासांतून एकदम काढावी. घरात कोणी क्रोशाचे काम केलेले असेल, तर त्यांना सांगावे, "मला फक्त साखळी आणि मुका खांब दाखवा." व्हिडिओ दहा वेळा थांबवून जे कळत नाही, ते शेजारी बसलेल्या माणसाच्या बोटांकडे पाहून लवकर कळते. इंटरनेटवरील नमुने वाचताना मात्र एक काळजी घ्यावी: अमेरिकी नमुन्यातील सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि त्याच टाक्याला ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. नमुना कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी पाहिले नाही, तर खेळणे लांबुडके आणि विरळ होते.

पिल्लाला हात घालण्यापूर्वी एक साधा गोळा विणावा, हा माझा आग्रह आहे. लोकरीचे वेटोळे करून त्यात सहा मुके खांब घालावेत आणि वेटोळे ओढून मधले भोक बंद करावे. हे वेटोळे सुरुवातीला बोटांतून निसटत असेल, तर दोन साखळ्या घालून (लोकर सुईवर घेऊन फासातून ओढली की एक साखळी होते) सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब विणले तरी चालते. भोक किंचित दिसते, एवढेच. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन टाके, म्हणजे १२. तिसरीत एक टाका साधा आणि पुढच्यात दोन, असे सहा वेळा, म्हणजे १८. चौथीत दोन साधे आणि एकात दोन, म्हणजे २४; मग ३० आणि ३६. त्यानंतर सहा फेऱ्या ३६ टाक्यांच्या, न वाढवता. मग ज्या क्रमाने वाढवले त्याच्या उलट क्रमाने कमी करत ३०, २४, १८, १२ आणि ६. वर सांगितलेल्या लोकरीत साधारण मोसंबीएवढा गोळा होतो.

दर फेरीला सहाच टाके का वाढवायचे, हे समजून घेतले तर नमुन्यावाचून तुम्ही कुठलाही आकार काढू शकाल, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. मुका खांब जवळपास जितका रुंद तितकाच उंच असतो. प्रत्येक फेरीबरोबर वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते, म्हणून परीघ गणितातल्या पायच्या (π) दुपटीने, म्हणजे सव्वासहा टाक्यांच्या आसपास वाढायला हवा. सहा टाके वाढवत राहिले की चकती सपाट राहते. वाढवणे थांबवले की कडा वर वळू लागतात आणि भिंत उभी राहते. सहापेक्षा बरेच जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. प्राण्याचे पोट, डोके, सोंड, कान हे सगळे म्हणजे कुठे वाढवायचे, कुठे थांबायचे आणि कुठे कमी करायचे याचाच हिशेब आहे.

या कामात फेऱ्या जोडल्या जात नाहीत. वीण जिन्यासारखी गोल फिरत वर चढते आणि त्यामुळे फेरी कुठे संपली हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवावी आणि नव्या फेरीत ती वर सरकवावी. फेरी संपली की टाके मोजावेत. ३० हवेत आणि २९ भरले, तर "पुढे एक वाढवून घेऊ" असे न करता ती फेरी उसवावी. क्रोशाचे उसवणे अगदी सोपे असते, कारण सुईवर एकच फास असतो. विणकामाच्या दोन सुयांप्रमाणे ओळभर टाके गळण्याची भीती येथे नाही. मोजताना वरच्या कडेकडे पाहावे: प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोन धाग्यांचा एक व्ही दिसतो. तो व्ही ओळखता येऊ लागला की काम हातात आले असे समजावे. समोरून पाहतानाही व्हीच्या ओळी दिसल्या तर ती बाहेरची बाजू. आडव्या रेघा दिसल्या तर ती आतली. बऱ्याच जणींचे काम पाचव्या-सहाव्या फेरीला उलटे वळते आणि आतली बाजू बाहेर येते. तेव्हा काही उसवू नये, मोज्यासारखे पालथे करून घ्यावे आणि व्ही आपल्याकडे ठेवून पुढे विणावे.

टाके कमी करताना दोन टाके सरळ एकत्र विणले तर तेथे गाठ आणि शेजारी भोक दिसते. त्यापेक्षा सुई पहिल्या टाक्याच्या फक्त पुढच्या धाग्यातून, मग लगेच दुसऱ्या टाक्याच्या फक्त पुढच्या धाग्यातून घालावी, लोकर घेऊन ती त्या दोन्ही धाग्यांतून काढावी आणि मग नेहमीप्रमाणे टाका पूर्ण करावा. ही एक युक्ती आली की खेळणे एकदम नीटनेटके दिसू लागते.

गोळा जमला की पिल्लू. डोके आणि धड एकातच विणावे, म्हणजे मान जोडण्याचे अवघड काम टळते. ६, १२, १८, २४ असे वाढवून २४ टाक्यांच्या चार फेऱ्या विणाव्यात. मग १८ पर्यंत कमी करून एक फेरी तशीच घ्यावी. ही मान झाली. येथे थांबून डोके भरून घ्यावे. पुढे २४, ३०, ३६ असे वाढवून ३६ च्या सहा फेऱ्या आणि मग कमी करत शेवट. टाके २४ पर्यंत उतरले की धड भरावे आणि उरलेल्या फेऱ्या विणताना तोंडातून थोडे थोडे घालत राहावे. पंखांसाठी १८ टाक्यांपर्यंतच्या दोन चकत्या विणून प्रत्येक मधोमध दुमडावी आणि सरळ कडेने धडाला शिवावी. चोचीला चार टाक्यांनी सुरुवात करून पुढच्या फेरीत सहा करावेत, आणखी एक फेरी साधी विणावी आणि शिवण्यासाठी लांब दोरा ठेवून लोकर कापावी. पायांसाठी सहा टाक्यांची एकेक गुलाबी चकती पुरेशी आहे. सुटे भाग शिवण्यापूर्वी टाचण्यांनी लावून समोरून, बाजूने पाहावे आणि शिवून झाल्यावर टाचण्या मोजून परत घ्याव्यात.

भरण्यासाठी उशांत घालतात तो पॉलिएस्टरचा फायबर घ्यावा. घरातल्या जुन्या उशीचा किंवा सावरीचा कापूस वापरण्याचा मोह होतो, पण तो धुतल्यावर गोळे धरतो, आणि ठाण्या-नवी मुंबईच्या पावसाळ्यात आतून दिवसेंदिवस ओला राहून त्याला कुबट वास येतो. फायबर पिंजून, लहान लहान पुंजक्यांनी, आधी कडांना आणि मग मध्ये भरावा. एकदम मोठा गोळा कोंबला तर बाहेरून टेंगळे दिसतात. मान मात्र चांगली घट्ट भरावी, नाहीतर काही दिवसांत डोके लवंडते.

डोळ्यांबाबत मी तडजोड करणार नाही. खेळण्यांसाठी मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या डोळ्यांना मागून चकती असते आणि ती एकदा बसली की निघत नाही, हे खरे. परंतु बाळाने चावून वीणच सैल केली तर डोळा चकतीसकट बाहेर येऊ शकतो. तीन वर्षांखालील मुलांसाठी डोळे काळ्या लोकरीने भरतकाम करूनच काढावेत. मणी, बटणे, घुंगरू काहीही लावू नये. लोंबणारे लांब पाय किंवा दोरी ठेवू नये. लोकरीची टोके चार-पाच वेळा उलटसुलट ओवून आतच लपवावीत आणि खेळणे देण्यापूर्वी चोच, पंख, पाय सगळे स्वतः जोराने ओढून पाहावेत. जे हलेल ते पुन्हा शिवावे. देण्याआधी एकदा सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवावे, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावे.

दीड महिन्याचे गणित असे धरावे: पहिला आठवडा फक्त साखळी आणि मुका खांब, दुसरा आठवडा गोळा, आणि मग पिल्लासाठी दोन-तीन आठवडे निवांत. हात सुरुवातीला फार घट्ट असतो, सुई टाक्यात शिरत नाही, मनगट दुखते. तेव्हा सुई बदलू नये, अर्ध्या तासाने उठावे. उकाड्यात घामेजलेल्या बोटांवर अॅक्रिलिक लोकर अडकते, म्हणून हात धुऊन, कोरडे करून बसावे.

मोठा रोहित पुढे अवश्य करावा. त्याचे धड म्हणजे तोच ३६ टाक्यांचा गोळा, मान १२ टाक्यांच्या घेराची नळी, आणि पाय दुमडून बसलेला पक्षी केला तर तारेची गरजच राहत नाही. चोचीचा रंग निवडताना एवढे लक्षात ठेवावे की फिकट गुलाबी चोच आणि काळे टोक ही मोठा रोहित (ग्रेटर फ्लेमिंगो) या जातीची खूण आहे. ठाण्याच्या खाडीतल्या थव्यांत बहुसंख्येने असतो तो छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) ही दुसरी जात, आणि त्याची चोच गडद तांबडी, लांबून काळीच वाटावी अशी असते.