आधी देवाचं की आधी आईचं?

प्रश्न: ताई, सलाम. मी 43 वर्षांचा, चाकणला कंपनीत नोकरीला आहे. गावच्या मंडळीनं नवं चर्च बांधायला घेतलं, तेव्हा उपासनेत उभा राहून मी दीड लाखाचं वचन दिलं. साठ हजार भरले. आता 72 वर्षांच्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टर ऑपरेशन सांगतात. आई राहुरीला बहिणीकडे असते, औषधपाणी बहीणच बघते. पाळकसाहेब म्हणतात, देवाला दिलेला शब्द मोडू नये. आईही म्हणते, "आधी देवाचं फेड, माझं काय, राहिलेत किती दिवस." काय करू?

उत्तर: भाऊ, सलाम. उरलेले नव्वद हजार आईच्या गुडघ्यांसाठी ठेवा. चर्चचे नंतर, हप्त्यानं द्या. हे व्यवहार म्हणून सांगत नाही, शास्त्राला धरूनच सांगते आहे.

तुमची भीती खरी आहे. नवस फेडायला उशीर करू नको, असं बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय आणि पाळकसाहेबांच्या मनात तेच असणार. पण मार्कच्या शुभवर्तमानाचा 7 वा अध्याय उघडा. तिथं येशूपुढं जवळजवळ तुमचंच प्रकरण आहे. माणूस आपला पैसा 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, म्हणून जाहीर करायचा आणि मग शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशिक्षक, त्याला त्यातून आईबापांसाठी काही करू द्यायचे नाहीत. येशू त्यांच्यासमोर 'बापाचा व आईचा मान राख' ही आज्ञा ठेवतो आणि म्हणतो, तुमच्या परंपरेनं तुम्ही देवाचं वचन रद्द करता. देवाच्या नावानं बाजूला काढलेल्या पैशाबद्दल हे तो बोलतोय, भाऊ. आईच्या म्हातारपणाचा वाटा तुमच्या पगारात आधीपासून होता. तो अर्पण करायला तुमचा नव्हताच. भर उपासनेत, चांगल्या मनानं, तुम्ही तो देऊन बसलात.

दहा आज्ञांतली ही पाचवी आज्ञा (कॅथलिक वाचकांच्या मोजणीत चौथी) संडे स्कूलमध्ये आपल्याकडून इतकी घोकून घेतात की ती लहान मुलांचीच वाटते. पण त्याच दहांत व्यभिचार करू नको, शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको, हेही आहे. ज्यांचे आईबाप थकलेत अशा कमावत्या माणसांना ती सांगितली आहे. प्रेषित पौल तर आपला शिष्य तीमथ्य याला पत्रात लिहितो की जो घरच्यांची तरतूद करत नाही त्यानं विश्वास नाकारलाय. आणि खुद्द येशूनं वधस्तंभावरून, जगाच्या तारणाचं काम चालू असताना, आईला शिष्याच्या हाती सोपवलं.

आई "नको" म्हणते, तर तिचं ऐकणं हाच मान, असं तुम्हाला वाटत असेल. मला तसं वाटत नाही. आयुष्यभर शेवटी जेवलेल्या बायका असंच म्हणतात. तिच्याशी एकटीशी बोला. पैशाचा विषय न काढता विचारा, ऑपरेशनची भीती वाटते का? मुलाच्या खिशाची काळजी असेल तर ती तुम्ही दूर करा. भीती असेल तर डॉक्टरांना तिच्याशी नीट बोलू द्या.

पाळकसाहेबांकडे स्वतः जा. वचन मोडत नाही, मुदत मागतोय, असं सांगा आणि मार्क 7 सोबत वाचायची विनंती करा. वादासाठी नको, मनापासून. खजिनदारांना महिन्याचा आकडा लिहून द्या, तो लहान असला तरी चालेल.

आणखी एक. 70 च्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, सरकारच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. आधार घेऊन कार्ड काढा आणि गुडघ्याचं ऑपरेशन त्यात कुठं होतं, हे योजनेतल्या रुग्णालयात आधीच विचारा. कदाचित नव्वद हजारांतले बरेच वाचतील.

तुमच्या पत्रात बहीण एका वाक्यात आली आणि गेली, ते मला खटकलं. पौलानं मुलं आणि नातवंडं म्हटलंय, लेक आणि लेकीत भेद केलेला नाही. तुमच्या घरी ही आज्ञा आजवर तिनंच पाळली. ऑपरेशननंतरचे दीड-दोन महिने उठवणं, बसवणं, व्यायाम करून घेणं हे सगळं पुन्हा तिच्यावर पडेल. तेव्हा रजा आत्ताच टाका, निदान पहिले पंधरा दिवस तुम्ही राहुरीला राहा.

आणि आई सगळं समजून घेऊनही ऑपरेशन नकोच म्हणाली, तर तो तिचा निर्णय माना. मग त्या पैशातून घरात कमोड, भिंतीला धरायला दांडा, वॉकर आणि मदतीला एखादी बाई ठेवा.