2033 सोड, तुझे 40 क्रेडिट्स कसे होणार ते बघ

तू विचारलंयस की पुढच्या वर्षी पुण्याहून एल-वन-बीवर (कंपनीच अमेरिकेतल्या ऑफिसला बदली करते तो व्हिसा) न्यू जर्सीला यायचंय, पगार वर्षाला एक लाख दहा हजार डॉलर ठरलाय, पण अमेरिकेची सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथली सरकारी पेन्शन, 2033 ला बुडणार असं सगळीकडे वाचतोयस, मग पगारातून कापलेले पैसे पाण्यात गेलेच समजायचे का, आणि कापू नका असं कंपनीला सांगता येतं का. दादा म्हणून विचारलंस म्हणून नीट बैजवार लिहितो, जरा लांबेल.

आधी सोपं ते. नाही म्हणता येत नाही. 6.2 टक्के तुझे, तेवढेच कंपनीचे, आणि मेडिकेअरचे (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) 1.45 टक्के वेगळे. तुझ्या पगारावर एकट्या सोशल सिक्युरिटीचे वर्षाला 6,820 डॉलर होतात. तुझ्या ओपीटीवरच्या (शिकून झाल्यावर विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करणाऱ्या) मित्राचं काही कापलं जात नाही ते बरोबर आहे, एफ-वनवाल्यांना, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना, साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं सूट असते, तुला ती नाही, त्यामुळे त्याच्या पे-स्लिपवरून तुझा हिशोब मांडू नकोस.

आता 2033 चं. इथे तुझ्या नावाचा वेगळा डबा करून पैसे ठेवत नाहीत, आज काम करणाऱ्यांच्या पगारातून आजच्या म्हाताऱ्यांची पेन्शन जाते. 1960 मध्ये एका पेन्शनवाल्यामागे पाच कामगार होते, आता तीनसुद्धा नाहीत, पावणेतीनच्या आसपास. मधल्या काळात बेबी बूमर पिढी (दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली) कमावती होती तेव्हा जास्तीचे पैसे जमा झाले, ते सरकारी रोख्यांत ठेवले, आणि 2021 पासून तो साठा खाल्ला जातोय. हा साठा सांभाळणाऱ्या ट्रस्टींच्या 2025 च्या अहवालात लिहिलंय की निवृत्तांसाठीचा हा साठा 2033 मध्ये संपेल, आणि त्यानंतरच्या करकायद्यामुळे तारीख 2032 च्या अखेरीकडे सरकलीय. पण त्याच अहवालात पुढचं वाक्य आहे जे फॉरवर्ड करणारे गाळतात: साठा संपल्यावरही येणाऱ्या करातून 77 टक्के पेन्शन देता येईल. म्हणजे टाकी रिकामी होतेय, नळ बंद होत नाहीये. 23 टक्के कपात लहान नाही, ज्यांचं घर फक्त त्याच चेकवर चालतं त्यांचे हाल होतील आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते, पण 23 टक्के कमी आणि शून्य यात फार अंतर आहे.

आणि हे पहिल्यांदा होत नाहीये. 1983 मध्ये तर पैसे संपायला काही महिनेच उरले होते, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन रिपब्लिकन आणि हाउसचा स्पीकर टिप ओ'नील डेमोक्रॅट, तरी दोघांनी मिळून कायदा केला, पेन्शनवर पहिल्यांदा कर आणला आणि पूर्ण पेन्शनचं वय 65 वरून हळूहळू 67 केलं, 1960 नंतर जन्मलेल्या सगळ्यांना आता 67 च आहे. माझं मत विचारशील तर याही वेळी शेवटच्या घटकेलाच करतील, कारण साडेसहा कोटींहून जास्त लोकांना दर महिन्याला हे पैसे जातात आणि ते मतदान करतात. तुझ्या पिढीचं वय आणखी वाढवतील किंवा कराची मर्यादा उचलतील (2025 मध्ये 1,76,100 डॉलरच्या वरच्या पगारावर हा करच नव्हता). जेवढा उशीर करतील तेवढा फटका मोठा, हे दिसत असूनही दोन्ही पक्ष हात लावत नाहीत, हे चूकच आहे.

पण तुझा धोका हा नाहीच. तुझा धोका 40 क्रेडिट्सचा आहे, म्हणजे पेन्शनला पात्र व्हायला कमाईवर जे गुण जमवावे लागतात त्यांचा. वर्षाला जास्तीत जास्त चार क्रेडिट्स मिळतात, म्हणजे 10 वर्षं, आणि 40 पूर्ण नसतील तर पेन्शन शून्य. 77 टक्के नाही, शून्य. पैसे परतही मिळत नाहीत. एल-वन-बी पाच वर्षांचा. जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलियाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, अमेरिकेशी नाही, कित्येक वर्षं नुसती बोलणी चाललीयत. त्यामुळे पाच वर्षांनी परत गेलास तर तुझे 34,100 आणि कंपनीचे तेवढेच, इथल्या साठ्यात राहिले ते राहिले. आपल्या हजारो मुलांच्या बाबतीत हेच झालंय आणि मला याचा खरंच संताप येतो.

आता एक गोष्ट नीट वाच, ही फारसं कोणी सांगत नाही. क्रेडिट महिन्यांवर नाही, कमाईवर मिळतं. 2025 मध्ये 1,810 डॉलरला एक होतं, म्हणजे 7,240 कमावले की वर्षाची चारही झाली. तुझा एका महिन्याचा पगार त्याहून जास्त आहे. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ फेब्रुवारी 2011 ला आले आणि डिसेंबर 2019 ला कोथरूडला परत गेले, ख्रिसमसच्या आठवड्यातलं तिकीट काढून. नऊ कॅलेंडर वर्षं, 36 क्रेडिट्स. जानेवारीचा पगार घेऊन निघाले असते तर 40 झाली असती. एवढ्या वर्षांचा कर भरला आणि एका महिन्यासाठी राहिलं, कारण कोणी सांगितलंच नाही. म्हणून जमलं तर जॉइनिंग जानेवारीऐवजी नोव्हेंबरला घे, आणि कधी परत जायचं झालं तर डिसेंबरला निघू नकोस. क्रेडिट्स आयुष्यभर राहतात, मध्ये खंड पडला तरी चालतं.

40 झाली तर काय मिळतं? दहा वर्षं हाच पगार धरला तर 2025 च्या सूत्राने 67 व्या वर्षी महिन्याला साधारण 1,550 डॉलर. दहाच वर्षं असली तरी एवढे, कारण सूत्र कमी सरासरीवाल्यांना झुकतं माप देतं. 23 टक्के कापले तरी 1,190. भारतीय नागरिक म्हणून पुण्यात बसूनही मिळतात, फक्त नॉन-रेसिडेंट म्हणून 25.5 टक्के कर आधीच कापतात, म्हणजे हातात 890 च्या आसपास. भरलेले 68,200 साडेसहा वर्षांच्या आत वसूल. म्हणून म्हणतो, बुडणार बुडणार करत घाबरण्यापेक्षा दहा वर्षं कशी होतील ते बघ.

त्यासाठी आल्या आल्या कंपनीकडे ग्रीन कार्डचा विषय काढ, लेखी. एल-वनवरची वर्षं एच-वन या नोकरीच्या दुसऱ्या व्हिसाच्या सहा वर्षांत मोजली जातात, त्यामुळे नुसता व्हिसा बदलून फार वेळ मिळत नाही, आय-वन-फोर्टी (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर असेल, किंवा ग्रीन कार्डचा अर्ज दाखल होऊन वर्ष झालं असेल, तरच पुढे वाढवता येतं. आणि वहिनींचं लक्षात ठेव: तुझ्या खात्यावर त्यांना भारतात राहून पैसे मिळायचे तर तुझी बायको म्हणून त्यांचं इथे पाच वर्षं राहणं झालेलं लागतं. तू इथे आणि त्या पुण्यात, असं करू नकोस.

फोर-ओ-वन-केमध्ये (कंपनीमार्फतचं निवृत्तीचं बचत खातं) कंपनी जेवढं मॅच करते तेवढं तरी पहिल्या पगारापासून टाक, ते तुझ्या नावावर असतात, फक्त कंपनीचा वाटा किती वर्षांनी तुझा होतो ते ऑफर लेटर सही करायच्या आधी विचार. सोशल सिक्युरिटीच्या साइटवर खातं उघडून दरवर्षी कमाईची नोंद तपास, चूक सुधारायला मुदत साधारण तीन वर्षं तीन महिनेच असते, म्हणून सगळे डब्ल्यू-टू (कंपनी दरवर्षी देते तो पगार आणि कराचा दाखला) जपून ठेव.

आणि पुण्यातून निघताना पीएफ काढलास तरी ईपीएसचे (पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचे) पैसे काढू नकोस. तुझी सात वर्षं झालीयत म्हणतोस, तिथेही पेन्शनला दहाच लागतात. स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेव, परत येऊन नोकरी धरलीस तर ती सात वर्षं पुढे जोडली जातील. एचआरवाले फॉर्म 10-सी पुढे करतील, त्यात पैसे काढायचा आणि सर्टिफिकेटचा असे दोन्ही पर्याय असतात, सही करायच्या आधी कुठल्यावर खूण आहे ते बघ.