हेमिसला मे महिन्यात जावे का?

प्रश्न : लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या पाहण्याची फार इच्छा आहे. मुलांच्या सुटीमुळे मे महिना सोयीचा वाटतो. सोबत उच्च रक्तदाब असलेले वडील असतील. लेहहून एका दिवसात सफारी करून परतता येईल का?

उत्तर : ताडोबासारखी जीपमधून होणारी सफारी हेमिसमध्ये नाही. सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात दऱ्याखोऱ्यांतून पायीच फिरावे लागते. त्यामुळे एका दिवसाचा बेत सोडून द्यावा, हे बरे.

हिमबिबट्या मुख्यतः भरल या रानमेंढ्यांच्या मागे फिरतो. हिवाळ्यात भरल खालच्या उतारांवर येतात, शिवाय जानेवारी ते मार्च हा हिमबिबट्यांच्या मीलनाचा काळ असल्याने ते अधिक हिंडतात आणि दिसण्याची शक्यता वाढते. मे महिन्यात बर्फ वितळू लागला, की भरल वर सरकतात आणि त्यांच्यामागे तोही. केवळ हिमबिबट्यासाठी जात असाल तर मे महिना मी सुचवणार नाही. मात्र हिवाळ्यात रात्रीचे तापमान उणे वीस अंशांपर्यंत उतरू शकते, हे मुलांना नेताना ध्यानात घ्यावे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार देशातील ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत. तरीही एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात दर्शनाची हमी कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मुक्कामासाठी रुंबाक गावातील घरगुती निवास उत्तम. गोठ्यात शिरून हिमबिबट्या एका रात्रीत अनेक मेंढ्या मारतो, म्हणून पूर्वी पशुपालकांचा त्याच्यावर राग असे. पाहुण्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नामुळे आणि गोठ्यांवर बसवलेल्या जाळ्यांमुळे तो बराच निवळला आहे. कड्यावरील राखाडी ठिपका ओळखण्यात गावातील वाटाड्यांची नजर आपल्या दुर्बिणीपेक्षा तीक्ष्ण असते.

वडिलांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. लेहच ३,५०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य समजावा. विमानाने पोहोचल्यावर किमान दोन दिवस सर्वांनीच विश्रांती घ्यावी. डोकेदुखी वा मळमळ असेपर्यंत आणखी वर जाऊ नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी ताबडतोब खाली उतरावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. डॉक्टरांनी लेहपर्यंतच परवानगी दिल्यास वडिलांनी रुंबाकचा चढ टाळून सिंधूकाठच्या रस्त्यांवर वाहनाने फिरावे. तेथील उतारांवर शापू ही दुर्मीळ रानमेंढी दिसण्याची शक्यता असते.