दिवाळीच्या सुट्टीत अलिबाग-मुरूडला जाताना वेगळी अशी काय आखणी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून स्वतःच्या गाडीने निघायचे, तीन दिवस हातात, सोबत सत्तरीचे वडील आणि दोन लहान मुले. कुलाबा किल्ला आणि जंजिरा दोन्ही पाहायचे आहेत. सगळीकडे सापडणाऱ्या यादीपेक्षा वेगळे, उपयोगाचे काही हवे.

माझे सांगणे एकच आहे. हॉटेल, जेवण, किल्ले हे सगळे ठरवण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहा आणि त्यावरून दिवस आखा. कुलाबा किल्ला अलिबागसमोर समुद्रात आहे, तिथे ओहोटीतच चालत किंवा घोडागाडीने जाता येते. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साडेचार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो. गोव्याकडे तो जेमतेम दोन मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे गोव्यात वेळ पाहिली नाही तरी खपून जाते, अलिबागला सगळा बेत कोलमडतो.

वेळ काढायला किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटेही साधारण तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर कृष्ण प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा येतो, म्हणून हा हिशेब जमतो. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा हा हिशेब फक्त बेत ठरवण्यापुरता वापरा. प्रत्यक्ष जाण्याच्या दिवशी छापील तक्त्यातली किंवा मोबाइलवरची वेळ बघा आणि किनाऱ्यावर घोडागाडीवाल्यांना विचारून खात्री करा. इथे ‘साधारण’ला जागा नाही.

आता तुमच्या तारखा. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणजे दिवाळी दरवर्षी उधाणातच येते. भाऊबीज द्वितीया, तुमचा पहिला दिवस तृतीया. त्या दिवशी पूर्ण ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास, तेव्हा तुम्ही घाटातच असाल. दुसऱ्या दिवशी, चतुर्थीला, ती सव्वानऊच्या आसपास येते. कुलाब्यासाठी हाच दिवस. पंचमीला दहा वाजतात, पण तो दिवस जंजिऱ्याला लागेल. पंचांगात त्या वर्षी तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर एका दिवसाचा फरक पडेल, तेवढे तपासा.

चतुर्थीला सव्वाआठला किनाऱ्यावरून निघा आणि सव्वादहाच्या आत किनाऱ्यावर परत या. याचे कारण नीट समजून घ्या, कारण माणसे अडकतात ती इथेच. ओहोटी संपल्यावर पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण फरकाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. फरक साडेतीन मीटरचा धरला तर पहिल्या तासात साधारण तीस सेंटिमीटर, दुसऱ्या तासाअखेर नव्वद, तिसऱ्या तासाअखेर पावणेदोन मीटर. म्हणजे पहिला तास पाणी काहीच चढत नाहीसे वाटते. माणूस तटावर फोटो काढत बसतो, आणि पुढच्या तासात वाटेवर मुलांच्या छातीएवढे पाणी होते. तेवढ्या पाण्यात ओढही असते. चुकून वेळ गेलीच तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यावरच थांबा, होडीची सोय होते का विचारा, नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट पाहा.

वडिलांसाठी घोडागाडी करा. जाणे-येणे आणि मधला थांबा मिळून किती, हे बसण्यापूर्वी ठरवा; नुसते ‘किल्ल्यापर्यंत’ ठरवले की परतीचा वेगळा भाव लागतो. मुलांना चप्पल नको, मागे पट्टा असलेल्या सँडल द्या. खडकांवरची कालवं पात्यासारखी कापतात आणि शेवाळावर साधी चप्पल घसरते. किल्ल्यात गणपतीचे मंदिर, गोड्या पाण्याचा साठा आणि उत्तरेकडे चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत. एवढे पाहायला तास पुरतो.

याच ओहोटीत मुलांसाठी एक गोष्ट कराच: खडकांमधल्या डबक्यांपाशी दहा मिनिटे हालचाल न करता बसवा. सावली स्थिर झाली की शंख पाठीवर घेतलेले खेकडे बाहेर येतात आणि समुद्रफुले, म्हणजे खडकाला चिकटलेले फुलासारखे प्राणी, उघडतात. काहीही उचलायचे नाही. विशेषतः शंकूसारखा निमुळता जिवंत शंख हातात घेऊ नये, तो विषारी डंख मारतो. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेले पाकट, हा शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच निसटते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा.

पोहायचे असेल तर पाणी चढत असताना, म्हणजे चतुर्थीला बारा ते अडीचच्या दरम्यान. पाणी उतरू लागले की मुलांना बाहेर काढा, आणि खाडीच्या मुखाशी तर कधीच उतरू नका. खाडीतले सगळे पाणी तिथून समुद्रात धावत असते. काशीदचा किनारा सुंदर आहे, पण लाटा जोरात येतात, तिथे गुडघ्याच्या वर जाऊ नये. दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मध्येच पाणी शांत दिसते, ती जागा फसवी असते. तिथूनच पाणी आत ओढले जाते. सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला निघा.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीत ओली वाळू रस्त्यासारखी टणक लागते, पण थांबलेल्या गाडीखाली चाके हळूहळू रुततात आणि दुपारी पाणी येते. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबू नका, प्रत्येक फेऱ्याला चाक आणखी खोल जाते. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, पायातळीचे रबरी मॅट चाकांखाली सरकवा, टायरची हवा निम्म्यावर आणा आणि दुसऱ्या गिअरमध्ये अलगद काढा. नंतर हवा भरेपर्यंत अगदी सावकाश चालवा, आणि खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्या.

दुपारच्या भरतीत किनारा आखडतो, तेव्हा आक्षीला जा. तिथला शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी मानला जातो, आणि अलिबागहून मुरूडला जाताना तो वाटेवरच पडतो. पुढे कोर्लई. गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते. किल्ल्याचा चढ वडिलांना जमणार नसेल तर दीपगृहापर्यंतही पुरे.

जेवणाचे आदल्या रात्रीच सांगा. घरगुती सोयीत मासळी सकाळी माणसे मोजून आणली जाते, अकरा वाजता फोन केला तर फ्रीजमधली मिळते. तुमच्या दिवसांत बोंबील मागा. डोल जाळी प्रवाहाच्या जोरावर मासे धरतात, म्हणून उधाणात बोंबील-जवळा भरपूर येतो आणि अष्टमीच्या आसपास, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, ती मासेमारी मंदावते. चतुर्थी मात्र आहे, नेहमी चतुर्थी पाळणाऱ्यांसाठी शाकाहारी ताट वेगळे सांगून ठेवा.

तिसऱ्या दिवशी जंजिरा सकाळी पहिल्या होड्यांमध्ये राजपुरीहून करा. दुपारनंतर समुद्रावरचा वारा वाढतो, होडी हलते आणि वयस्कर माणसाला पायरीवर उतरणे अवघड जाते. उतरताना वडिलांच्या पुढे एक आणि मागे एक माणूस हवा, हातात पिशवी नको.

परतीला पुन्हा अलिबागच्या वाटेवरच्या वडखळला जाऊ नका, सुट्टी संपताना तिथे गाड्या तासन्‌तास अडकतात. आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीने दिघीला उतरा आणि म्हसळा, माणगाव, ताम्हिणीमार्गे पुणे गाठा. फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, धक्क्यावर किमान अर्धा तास आधी पोहोचा आणि ताम्हिणी अंधाराआधी ओलांडायचा असेल तर दुपारी एकच्या पुढची फेरी धरू नका.