किल्ली मागण्याआधी

प्रश्न : बाबा ७३ वर्षांचे आहेत, चाळीस वर्षं गाडी चालवताहेत. सहा महिन्यांत डाव्या बाजूला तीनदा ओरखडे आले. संध्याकाळनंतर आई त्यांच्याबरोबर बसायला घाबरते. "आता गाडी बंद करा" म्हटलं की ते ताटावरून उठतात. कसं बोलावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : "वय झालं" हे शब्द आधी वगळा. वयावर बाबांकडे इलाज नाही. ओरखड्यावर असू शकतो.

दोनदा त्यांच्या शेजारी बसा, एकदा सकाळी, एकदा दिवेलागणीनंतर. सूचना न करता पाहा. समोरून दिवे आले की डोळे बारीक होतात, गाडी एकदम मंदावते? मोतीबिंदूत प्रकाश विखुरतो, म्हणून दिवसा ठीक दिसणारा माणूस रात्री चाचपडतो. शस्त्रक्रियेनं हे बहुधा सुधारतं. डावीकडची दुचाकी अगदी जवळ आल्यावरच लक्षात येते? काचबिंदूत कडेची नजर आधी जाते आणि समोरचं स्वच्छ दिसत असल्यानं त्या माणसाला पत्ताही लागत नाही. नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्यांतला दाब आणि फील्ड, म्हणजे नजरेचा आवाका, दोन्ही तपासून घ्या. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर निघण्याआधी साखर मोजायची. ७०च्या खाली असेल तर गाडी काढायची नाही.

मग बोला. सकाळी, दोघंच असताना. नातवंडांसमोर मुळीच नको. "बाबा, काल फाटकातून वळताना डावा आरसा खांबाला घासला. खांब दिसला होता का?" एवढं विचारून थांबा. उत्तर त्यांना देऊ द्या.

तपासणीनंतर आधी रात्री गाडी चालवणं सुटेल, मग महामार्गावर. सकाळची मंडई राहू द्या. पण सोय आधी लावा. ओळखीचा रिक्षावाला ठरवा, पैसे बाबांच्याच हातून जाऊ द्या. गावी जायला एसटीत त्यांना अर्धं तिकीट आहे, ७५ नंतर प्रवास मोफत.

पंचावन्न उलटल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो. दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, हे त्यात विचारलेलं असतं. ओळखीत नुसती सही घेऊ नका. हीच तपासणी बाबांना मुलाच्या शब्दापेक्षा लवकर पटते.

रोजच्या रस्त्यावर वाट चुकत असेल किंवा ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला गेला असेल, तर टप्पे नकोत. त्याच दिवसापासून गाडी थांबवा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.